पोतनीसांची अज्ञात सून

रामराया, जे बसलेत त्यांना ऐकायची बुद्धी दे, जे डुलक्या घेतायत त्यांना निदान घोरू देऊ नकोस, आणि मला थोडक्यात आटपायची बुद्धी दे. ती तू आजवर कधी दिलेली नाहीस, पण मागायला काय जातंय!

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न साधा आहे. माणसाला हेवा कुणाचा वाटतो? शेजाऱ्याचा — बरोबर. जावेचा — अगदी बरोबर, तिकडं बायकांत माना हलल्या. भावाचा — पुरुषहो, तुम्हीही हलवा, लाजू नका! पण ही सगळी जिवंत माणसं. जिवंताचा हेवा करण्यात एक सोय असते. तो आज ना उद्या चुकतो, त्याची पोळी करपते, आणि आपल्या पोटात थंड वाटतं. पण जो मेलाय त्याचं काय? मेलेल्याची पोळी कधीच करपत नाही! मग मेलेल्या माणसाशी हेवा मांडून आजवर कुणी जिंकलंय का?

सांगतो. आधी तो तिसऱ्या ओळीतला मोबाइल खाली ठेवा. नाही, ठेवा. थांबतो मी. ...हां. आजची गोष्टही मोबाइलचीच आहे, पण ती मी सांगायची, तुम्ही बघायची नाही.

रोह्याला रघुनाथराव पोतनीस नावाचे गृहस्थ. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांची बायको जानकीबाई. रघुनाथाची जानकी, वा! जोडा कसा शोभतो! पण मंडळी, ही जानकी दुसरी. पहिलीही जानकीच. ती पोराला जन्म देऊन काही महिन्यांत वारली. पोराचं नाव जयवंत. घरात रांगतं मूल, म्हणून नानांचं लगेच दुसरं लग्न लावलं. आता लग्नात आपल्याकडं काय करतात? ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहितो. नानांनी अंगठी हातात घेतली आणि आईकडं पाहिलं. आई म्हणाल्या, "जानकीच लिही. भांड्यांवर नाव घातलेलं आहे."

हसू नका. तुमच्या घरच्या पातेल्यांवर काय घातलंय बघा घरी जाऊन!

तर ही नवी जानकी घरात आली. पातेल्यावर जानकी, डब्यावर जानकी, पोळपाटावर सुद्धा जानकी — आणि त्यातली एकही ही नव्हे. वरण ढवळायला डाव घेतला की त्याच्या दांड्यावर सवत! देवघरात चांदीचा टाक. टाक म्हणजे चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. गेलेल्या पहिल्या बायकोचा म्हणून तो देवांत बसवतात, आणि दुसरीनं रोज त्याला आधी हळदकुंकू लावायचं, मग स्वतःला. हिनं रोज लावलं. पण कसं लावलं? बोटानं दाबून! त्या टाकाचं कपाळ चेपलं होतं म्हणतात.

त्यात आल्यागेल्याची तोंडं. "पहिली जानकी पुरण काय करायची हो." एवढंच. हिच्या पुरणाला कुणी नाव ठेवलं नाही, पण तेवढं एक वाक्य ताटाभोवती फिरून जायचं आणि हिच्या जिवाचा तिळपापड व्हायचा. अहो, जिवंत सवत असती तर झिंज्या उपटून मोकळी झाली असती. मेलेलीचं काय उपटणार?

पण एक गोष्ट हिची होती. जयवंत. त्याला हिनं छातीशी धरून वाढवला. गोवर काढला, शाळेत हात धरून नेला, त्याच्या परीक्षेला स्वतः उपास केले. दुसरं मूल झालं नाही, आणि हिनं देवाकडं मागितलंही नाही. जयवंताला ठाऊक होतं की जन्म देणारी वेगळी, पण त्या घरात तो विषय निघत नसे. तो हिला आई म्हणायचा. आणि त्यानं आई म्हटलं की ही मनातल्या मनात देवघराकडं बघायची. ऐकलंस ना, म्हणायची. मला म्हणाला.

अशी वर्षं गेली. नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं ठरलं. जयवंत बंगलोरला. त्यानं फोन केला. "आई, कार्यक्रमात आपल्या घराण्याची वंशावळ लावू. मोबाइलवर एक सॉफ्टवेअर आहे, त्यात नावं भरली की झाड आपोआप तयार होतं. तूच भर. तुला सगळ्यांचं सगळं माहीत असतं."

झालं! बाईंच्या हाती सगळं घराणंच आलं की हो. कोणाच्या शेजारी कोण बसणार, कोणाच्या खाली कोण लोंबणार, सगळं हिच्या बोटावर.

नानांची पणजी आली. बाईंनी विचारलं, "अहो, तुमच्या पणजीचं नाव काय?"

"पणजी," नाना म्हणाले.

"अहो, नाव."

"पणजीला कसलं नाव? पणजीच."

बाईंनी लिहिलं: अज्ञात. आजीचं? नानांना तेही आठवेना. सगळे तिला मोठी आई म्हणत. अज्ञात! धाकटी चुलत आजी? अज्ञात! पुरुष सगळे नावानिशी, बापाच्या नावानिशी, अगदी कुणी वतन सांभाळलं त्यासकट. बायकांच्या जागी अज्ञात, अज्ञात, अज्ञात. दामलेबुवा, पेटी वाजवू नका आत्ता, इथं वाजवण्यासारखं काही नाही.

मग आली नानांची चौकट. तिच्या शेजारी पहिली बायको. बाईंनी ओठ चावून लिहिलं: जानकी. मृत्यूचं वर्ष घातलं — ते मात्र आनंदानं घातलं. दुसरी बायको: जानकी. आपला फोटो लावला, हिरव्या शालूतला. तेवढ्यात सॉफ्टवेअरनं विचारलं, 'या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?'

मंडळी, विचार करा. यंत्र आहे ते. त्याला काय ठाऊक! नवरा एक, नाव एक, घर एक. त्याला वाटलं, बाईंनी चुकून दोनदा लिहिलं. पण बाईंच्या मनात काय आलं? 'हो' म्हटलं तर सवत संपली. जानकी एकच, ती मी. आणि जयवंताची आई कोण? जानकी. म्हणजे मी! इतक्या वर्षांत जे कुंकवाच्या बोटानं जमलं नाही ते एका बोटानं जमणार.

दाबलं. हो!

आणि झाडात काय दिसलं? हिरव्या शालूतला हिचा फोटो, आणि खाली — मृत्यूचं वर्ष! बाईंनी स्वतःच्या हातानं स्वतःला पोचवलं! असं असतं मंडळी. हेवा दुसऱ्यासाठी खड्डा खणतो, आणि माप मात्र स्वतःचं घेऊन खणतो.

बाई घाबरल्या. परत सगळं वेगळं केलं. मग शांत बसून विचार केला, आणि सवतीच्या चौकटीतलं जानकी पुसून तिथं लिहिलं: अज्ञात. तिच्याखालचा जयवंत उचलला आणि आपल्या खाली लावला. झालं काम. कुणाला कळणार?

पण यंत्र मोठं चिकट हो. ते परत आलं. 'ही अज्ञात आणि ती अज्ञात, एकच व्यक्ती आहे का?' बाई म्हणाल्या, हो रे बाबा, हो. परत विचारलं. हो. आणखी विचारलं. हो म्हटलं ना, मेल्या. पटापट दाबत सुटल्या, न बघता. आणि ते तसंच फ्लेक्सवाल्याकडं पाठवून दिलं.

कार्यक्रमाचा दिवस आला. दारात मांडव, भिंतभर फ्लेक्स. जयवंत आदल्या संध्याकाळी उतरलेला, त्यानंही तो आत्ताच पाहिला. आणि सगळे पाहुणे फ्लेक्ससमोर उभे राहून हसतायत! का? झाडाच्या मधोमध एक चौकट: अज्ञात. तिच्यातून रेघा निघाल्यायत चहूकडं. ती नानांच्या पणजोबांची बायको. आजोबांचीही बायको. चुलत आजोबांचीही. आणि नानांचीसुद्धा! नानांच्या बापाची आईही तीच! नाना चष्मा लावून पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझी पहिली बायको माझी आजी होती तर."

सगळा मांडव हसला. हसली नाही ती एकच. जिला कोपऱ्यात गाडायची होती, ती घराण्याच्या मधोमध जाऊन बसली होती. सगळं गोत तिच्या पोटचं! आणि जानकीबाईंच्या चौकटीला रेघा किती? दोन. एक नवऱ्याची, एक चोरलेली.

त्याच वेळी एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. ताराबाई. पहिल्या बायकोची धाकटी बहीण. जयवंताची मावशी म्हणून तिला बोलावणं गेलं होतं. ती फ्लेक्सवर बोट फिरवत होती. नानांपाशी बोट आलं, शेजारी गेलं, थांबलं.

"जयवंता," ती म्हणाली, "माझी बहीण कुठाय रे?"

हसणं बंद. जयवंतानं फ्लेक्सकडं पाहिलं. आपल्या नावावरची रेघ बोटानं वर नेली. मग त्यानं आईकडं पाहिलं.  

 पण मत्सर असा सहजासहजी वाकत नाही, बरं का! जानकीबाई म्हणाल्या, "यंत्रच म्हणत होतं, जानकी दोन कशा. मी काय करू? नाव एकच होतं आमचं."

ताराबाईनं मान हलवली. "कुठलं एकच? आमच्याकडं जानकी कुणी नव्हतीच बाई. आमची नलू. नलिनी. तांदळात जानकी लिहिलं, आणि पंगतीत सगळे तिला जानकी, जानकी हाका मारतायत, तर ती आपली खाली मान घालून बसलेली. तिला कळेचना की आपल्याला बोलावतायत. मला हळूच म्हणाली, तारे, ही जानकी कोण गं, उठत का नाही?"

 म्हातारी जवळ आली, जानकीबाईंच्या हातावर हात ठेवला. "तुझंही तसंच झालं असणार. तुझं काय गं, माहेरचं?"

मंडळी, त्या घरात आल्यापासून तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, पोटच्यासारख्या वाढवलेल्या पोरानंही नाही.  ती म्हणाली, "शरयू."

"शरयू?" खुर्चीतून नाना म्हणाले. "अरे हो. शरयू. विसरलोच होतो मी."

बघा! पातेली विसरली नाहीत, नवरा विसरला.

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख पडलं. जिच्याशी जन्मभर भांडले ती जानकी मुळात नव्हतीच. ते नाव ना तिचं, ना माझं. सासूबाईंनी तयार ठेवलेला एक झगा, आधी तिला घातला, मग मला घातला. तिलाही बोचला असेल. आणि तिला पुसायला निघाले, तेव्हा मलाच कोण ओळखत होतं? त्या मटकन खाली बसल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या. "मी केलं ते," म्हणाल्या. "यंत्रानं नाही. मला सहन होत नव्हतं. तुमच्या तोंडी सारखी ती. आणि हा पण तिचाच. मग माझं ह्या घरात आहे काय?"

जयवंतानं मोबाइल पुढं केला. स्वतः काही केलं नाही. पुढं केला फक्त.

तिनं डोळे पुसले, चष्मा लावला. ती अज्ञात ठिकठिकाणची सोडवली. आपल्या शेजारच्या चौकटीत लिहिलं: नलिनी. मग आपल्या खालचं लेकरू उचललं आणि नलिनीच्या खाली ठेवलं. तिची चौकट मोकळी झाली. एकही रेघ खाली जाईना. जानकी खोडून तिनं तिथं लिहिलं: शरयू. आणि मोबाइल परत दिला.

"झालं," म्हणाली. "हे खरं आहे."

"झालं नाही," जयवंत म्हणाला. "आई, ह्या सॉफ्टवेअरला दोन आया चालतात. एक जन्म देणारी, एक वाढवणारी. तू नीट बघितलंस कुठं? नुसती हो, हो दाबत सुटलीस." आणि त्यानं शरयूपासून आपल्यापर्यंत दुसरी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयूबाई देवघरात बसल्या. टाक हातात घेतला. बोट कुंकवात बुडवलं, आणि अलगद टेकवलं. "नलू," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच हाक मारली. मग म्हणाल्या, "पण पुरण माझंच चांगलं असतं हं."

अहो, मत्सर एका दिवसात जातोय होय! पण आता त्याला नाव होतं. नावानं हाक मारता येते अशा माणसाशी भांडणसुद्धा घरातलं होतं.

आता तुमच्याकडं येतो. माना खाली घालू नका. तुमच्यातल्या प्रत्येकाकडं एक चौकट आहे, तिच्यात तुम्ही 'अज्ञात' लिहून ठेवलंय. तिचं नाव तुम्ही घेत नाही. "ती," म्हणता. "ती वरच्या आळीची." "त्या मोठ्या दिवट्याची बायको." "तो, आमच्या नशिबाला आलेला." नावं ठेवायला तोंड एवढं मोठं, आणि नाव घ्यायला जीभ जड! आत्ता तुमच्या मनात एक चेहरा आलाय. आला ना? मला इथून दिसतोय.

आरती होईल. प्रसाद घ्याल. तो घेण्याआधी, डोळे मिटून, त्या माणसाचं नाव घ्या. मोठ्यानं नको, मनातल्या मनात. पण पूर्ण घ्या, आणि बाई असेल तर तिचं माहेरचं नाव घ्या. ठाऊक नसेल, तर आज प्रसाद घेऊ नका. आधी जाऊन विचारून या.