सौद्याचं मशीन बंद करताना

काकू, आण्णा, जमलेले व्यापारी, हमालदादा आणि आमच्या कॉम्प्युटर रूममधली मंडळी,

पार्टेकाकांच्या शोकसभेत बोलायला उभी राहिलेय. परवापासून रडून झालं, आता नुसता थकवा उरलाय. मी सुजाता चौगुले. पार्टेकाकांच्या हाताखाली या बाजाराचे सर्व्हर सांभाळते.

काका मूळचे मेढ्याचे. फौजेत वायरलेसवर होते. पेन्शनीत निघाले आणि सांगलीच्या आपल्या हळदीच्या बाजारात आले. सर्व्हर दोनच, पण एकेकाच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेली कितीतरी मशीनं. सौद्याचं वेगळं, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्टीचं वेगळं, गोदामाचं वेगळं. एका इमारतीत गाळे असावेत, तसं.

मग प्रोसेसरमध्येच खोट निघाली. एका मशीनमधलं गुपित शेजारच्याला चोरून वाचता येतं, असं कळलं. काकांनी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसलात. आठवतंय ना, आण्णा? तुम्ही आमचे अध्यक्ष, तुमचाच हात धरला त्यांनी आणि वर रुमाल टाकला.

"आण्णा, तुमच्या वडलांच्या येळंला रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. रुमाल विरला तर? शेजाऱ्याला बोटं दिसत्यात. तसंच झालंया. नवा रुमाल टाकाय पायजे."

मग हसणं थांबलं. अपडेट करायला परवानगी मिळाली. एका सर्व्हरवरची मशीनं दुसऱ्यावर हलवायची, रिकामा झालेला सर्व्हर अपडेट करून पुन्हा सुरू करायचा, मग दुसऱ्याची पाळी. नंतर एकेक मशीन पूर्ण बंद करून चालू करायचं. ते केल्याशिवाय त्या मशीनला नवं संरक्षण लागू होत नाही. सगळी झाली. राहिलं फक्त सौद्याचं. ते आम्ही चालू ठेवूनच इकडून तिकडे हलवलं होतं.

ते का राहिलं? सौदे चालू असताना बंद करायचं नाही, हे कबूल. रविवारी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, मागचे सौदे मिटवायचेत. मग काका म्हणाले, अमावस्येला करू, त्या दिवशी बाजार बंदच असतो. तर तुम्हीच म्हणालात, "आवं काका, अमावस्येला चालतं यंत्र कुणी बंद करतं का? परत चालूच न्हाई झालं तर?"

कॉम्प्युटर घेतले, कॅलेंडर तेच राहिलं.

काका चिडले नाहीत. दर आठवड्याला तुमच्या गाळ्यावर यायचे, चहा प्यायचे, विचारायचे, "आण्णा, कवा?" तुम्ही म्हणायचा, "बघू की." ते परत यायचे. जिना चढताना थांबायला लागले होते, छातीवर हात ठेवायला लागले होते. गावाकडच्या, साताऱ्याच्या डॉक्टरांनी भरती व्हा म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, काका, जावा की. म्हणाले, "तेवढं एक मशीन बंद करून चालू केलं, की जातो बघ."

दवाखान्यात गेलेच नाहीत ते. मला राग आलाय. तुमचा आलाय, आण्णा. काकांचाही आलाय. इतकं कशाला थांबायचं माणसानं? आणि का थांबवायचं कुणी?

काल काकांच्या घरी गेले, तर काकू एवढंच म्हणाल्या, "पोरी, ते त्यांचं काम तेवढं उरकून टाक गं."

म्हणून मी शोकसभेला लॅपटॉप घेऊन आलेय. काही जणांनी वाकड्या नजरेनं बघितलं. बघू दे. आज काकांसाठी तुम्ही बाजार बंद ठेवलाय. एकही सौदा नाही, एकही बोली नाही. आज अमावस्यापण नाही. इतके दिवस त्यांनी जे मागितलं, ते आज त्यांच्या नावानं मिळालंय.

आण्णा, करू का?

...मान हलवलीत. आभारी आहे.

आता सगळ्यांनी उभं राहावं ही विनंती. नेहमी दोन मिनिटं असतात. आज मशीन परत सुरू होईपर्यंत उभं राहू. थोडा वेळ लागेल, पाय दुखतील. दुखू देत. कुणी बोलू नका, मोबाईल बंद ठेवा.

काका, बंद करतेय.