नव्या हरकाचा भात

"नव्या हरकाला गं लेकी, नको लावू हात,
जुना होऊ दे कणगीत, मग शिजव भात!"

मंडळी, ऐका! हा आवाज भागीरथीच्या आईचा. आई गेली, जातं थांबलं, पण ओवी काही कानातून जाईना. आता सांगा, खरं ठाऊक असून गप्प बसणं, हे खोटं बोलणं की नाही? थांबा, घाई नको!

कोकणातली डोंगरावरची वाडी. तिथं पिकतो हरीक, गरिबाचं बारीक धान्य. पण नवा, ओलसर असला तर कधीकधी माजरा निघतो. पोटात गेला की डोकं गरगरतं! भागीरथीला हे पाठ. पण देवीला पहिला नैवेद्य आपल्याच घरचा हवा, हा हट्ट! काढला नवा, शिजवला.

जेवणं झाली. सून इंदू उठली, तिला भोवळ आली, परसात भडाभडा ओकली!

"अगो बाय, दिवस गेले!" भागीरथी हरखली, साखरेचा डबा शोधू लागली. तोवर तिचे यजमान धोंडूतात्या ओटीचा खांब धरून ओकायला लागले. आता बोला! सासऱ्यालाही दिवस गेले?

कुणी म्हणालं पित्त. कुणी म्हणालं ऊन लागलं. एकीनं डोळे बारीक केले, "सकाळी चंद्री आली होती ना दारात? तिचीच नजर!"

चंद्री, शेजारची विधवा. भागीरथी आणि ती एकाच लगीनसराईत या वाडीत आलेल्या. जात्याच्या एका खुंट्याला दोघींचे हात! एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं पुरी करायची. माहेर आठवून एकीचे डोळे भरले, की दुसरी मुद्दाम बेसूर गायची. काय दिवस होते हो ते!

संध्याकाळी देवळात वाडी जमली. मानकरी म्हणाला, "चंद्रे, यापुढं ही पायरी चढायची नाही."

चंद्रीनं कुणाचं नाव घेतलं नाही. भागीरथीकडं एकदा पाहिलं आणि पायरी उतरता उतरता हळूच म्हणाली, "नव्या हरकाला गं लेकी, नको लावू हात..."

दुसरी ओळ तिनं सोडून दिली. जात्यावर सोडायची तशी!

मंडळी, अशी एक ओळ तुमच्याही घशात अडकलीय. कुणीतरी पायरी उतरतंय, आणि तुम्ही नुसते बघताय!

भागीरथी उठली.

"थांब गो चंद्रे! नजर नाय, करणी नाय. हरीक नवा होता. ही सकाळी तेच सांगायला आली होती. मीच हिला दारातून घालवली."