रेकार्डची दुसरी बाजू

...आन वरून सारा गाव मलेच इचारते, ‘इसरूभाऊ, तुमी रागावले काऊन?’ अरे, रागावू नाई त काय नाचू? रेकार्ड माही, बाजा माहा, चावी भरू भरू हाताले घट्टे पडले ते माह्या! गावानं आयकलं, शेजारच्या गावानं आयकलं, पाटलाच्या बैलायनं आयकलं... पन दुसरी बाजू, तुमाले सांगतो, मले काई आयकाले भेटली नाई!

आता तुमी म्हनान, येवढं काय आहे बापा त्या दुसऱ्या बाजूत? सांगतो ना, बसा! माही माय गेली त्या साली माहं कशातच मन लागे ना. मी गावचा शिंपी, पन सदऱ्याले बाही उलटी लावो. भाकर तोंडात फिरे, खाली उतरे नाई. मंग गाववाल्यायनं मले बंडीत टाकलं आन नेलं चांद्याले, महाकालीच्या जत्रेत. तिथी रंभाबाई गात होती. रंभाबाई म्हंजे... आता कसं सांगू? ठेंगनी बाई, कपाळभर कुंकू, आवाज जरासा फाटका, पन तिच्या पोटातून निंगे तो सिद्धा आपल्या पोटात जाये! ‘ऊठ रे जीवा, दार उघड, उजेड उभा बाहेर!’ बस, येवढंच. मी रडलो, राजेहो, ढसाढसा रडलो, आन रडनं सरलं त म्हनलो, ‘मले भूक लागली.’ भाकरीवर भाकर हानली! अन् तेवढ्यात रंभाबाईनं दुसरं गानं उचललं... ‘माय गेली नाई रे...’ येवढंच म्हनलं तिनं, आन मांगून आमचा डोमा, बंडी त्याची, बैल त्याचे, अक्कल कोनाचीच नाई, मले बाहीले धरून वढते! ‘चाल ना बे, बैल जुपले!’ अरे थांब ना! माय गेली नाई, त मंग आहे कुठी? पुढं काय म्हनते बाई, ते त आयकू दे! नाई. बंडी चालली. घरापर्यंत मी मांगं पाहून राह्यलो.

मंग आलापल्लीचा जंगलसाहेब बदलून गेला. त्याचे कोट मीच शिवत होतो, त जाता जाता रेकार्ड वाजवाचा भोंग्याचा, चावीचा बाजा मले देऊन गेला. अन् मोटरवाल्या चैतूनं नागपूरहून रेकार्ड आनली, रंभाबाईची! एका अंगाले ‘ऊठ रे जीवा’, आन दुसऱ्या अंगाले, छापलेलंच होतं वर, ‘माय गेली नाई रे’! माह्या डोळ्यात पानीच आलं ना!

म्हनलं, आधी पहिली बाजू लावू, मंग निवांत दुसरी. हेच चुकलं! आवाज घराबाहेर गेला, आन अंगनात सारा गाव. गानं सरलं, मी पलटवाले हात लावतो त गुणवंतराव पाटील म्हनते, ‘थांब इसरू, डोमा आताच आला. अर्धं आयकवून वापस धाडते का मानसाले? पयल्यापासून लाव.’ आमच्या गावाची रीतच ते! कथा असो का नाटक, मांगून आलेल्यासाठी पुन्हा पयल्यापासून. लावलं. मंग डोमाची बायको आली, पुन्हा लावलं. मंग डोमाच्या सासूले खाटेसकट आनलं, जिनं पाऊस सरल्यापासून खाट सोडली नव्हती. लावलं! आन सकाळी पाहातो त काय, बुढी अंगन झाडून राह्यली!

झालं! ‘गुन आला, गुन आला!’ गावभर बोंब. ज्याचा जीव बसला त्याले धरून आना इसरूच्या दारी! रुसलेली सून आना, नापास झालेला भाचा आना... माहं घर आहे का दवाखाना? एक दिवस हात जोडले, म्हनलं, ‘बापहो, आता जराशी पलटवतो.’ त अंगन उठलं ना अंगावर! पाटील म्हनते, ‘गुन आलेल्या दवाईले छेडते का कोनी? ह्या अंगानं चढते, त त्या अंगानं उतरत असन! उतारा असन तो!’ आन डोमा म्हनते, ‘माही सासू पुन्हा खाटेवर पडली त तू झाडशील का अंगन?’ आता याले काय सांगान? गानं आहे का इच्चूचा मंतर? पन दुसरी बाजू काई आयकाले भेटली नाई!

मंग धान कापनी लागली. सारा गाव वावरात, धानाच्या बांधीत. म्हनलं, इसरू, हाच मोका! भर दुपारी दार लावलं, कडी घातली, चावी भरली, दुसरी बाजू वर केली, सुई टेकवली... खर्रर्र... पेटी वाजली... रंभाबाईनं श्वास घेतला, तुमाले सांगतो, तो श्वास आयकला मी... आन धाड धाड धाड! ‘भाऊ, दार उघडा!’ जंगलातल्या गावची रुखमाबाई, आन मांगं तिचा बुढा नवरा, कोलू. ‘ह्याचा बैल वाघानं नेला, भाऊ. तवापासून बोलत नाई, जेवत नाई. ह्याले उठवा ना.’ म्हननार होतो, उद्या ये. पन कोलूचे डोळे पाह्यले. मायेच्या मांगं माहे असेच झालते. काय करता? पलटवली.

गानं सरलं. कोलू रडला, मंग नाक पुसून म्हनते, ‘तंबाखू आहे का?’ आन खुशीच्या भरात त्यानं बाज्यालेच मिठी मारली... कडाक! रेकार्ड खाली, काठापासून मधापर्यंत चीर! मी रडाले बसलो. रुखमाबाईनं रेकार्ड उचलली, हुंगली, म्हनते, ‘ही त लाखच आहे, भाऊ! आमी पळसावरची लाख काढतो, विळ्याची मूठ बसवतो तिनं. जोडून देतो, रडू नका.’ आन गेली घेऊन.

दुसऱ्या दिवशी आली, तोंडावर हे येवढी खुशी. सारा गाव जमा. लावली पहिली बाजू, मधातून टक् टक् करे, पन गायली बिचारी. मी कोनाचंच आयकलं नाई, पलटवली! पाहातो त काय... रेघ नाई, काई नाई, सारवलेल्या अंगनावानी गुळगुळीत! रुखमाबाई म्हनते, ‘गान्याच्या अंगाले हातई नाई लावला, भाऊ! सारी लाख मांगच्या अंगाले लिपली. आता नातवायच्या राज्यापर्यंत तुटत नाई!’

मी मटकन खाली बसलो. माय आठवली, जत्रा आठवली, तोंडून नुसतं ‘माय वं’ निंगालं. अंगनात कुजबुज. पाटील म्हनते, ‘इसरूचा जीव बसला रे! लावा त्याले पहिली बाजू!’ मी वरडतो, ‘नाई! नका लावू!’ कोन आयकते? डोमानं चावी भरली, दोघायनं मले धरून ठेवलं, आन ‘ऊठ रे जीवा’ टक् ‘दार उघड’ टक् ‘उजेड उभा बाहेर’...

आन काय सांगू, राजेहो... लागली ना भूक! रुखमाबाईनं पदराखालून भाकर काढली. ‘ठाऊकच होतं मले,’ म्हनते, ‘सकाळपासून जेवला नसशील, खा.’ माही माय अशीच म्हने.

खाल्ली मी. पन दुसरी बाजू... जाऊ द्या आता. कोनाचा जीव बसला असन त आना, चावी भरतो.