पुलापलीकडची थेरपिस्ट

—क्लच आधी, लूडर्सबाई, क्लच आधी, मग गिअर! हां, अस्सं. गिअरबॉक्स ओरडला तर घाबरायचं नाही, त्याला सवय आहे, मला पण आहे. काय म्हणालात? आज एवढं लांब कुठे? सराव हो, गर्दीच्या रस्त्याचा सराव. तुमच्या मिस्टरांचे डोळे गेले म्हणून साठीत गाडी शिकायला निघालात, तर काय जन्मभर कोब्लेंझच्या गल्लीबोळातच फिरणार का? ऱ्हाइन ओलांडायची आज. अहो, पूल आहे, बोट नाही! खांदे खाली. आणि चार वाजता मला पलीकडे जरा काम पण आहे, एका दगडात दोन पक्षी— डावीकडे इंडिकेटर— ते वायपर आहेत. पाऊस नाहीये. बंद करा. हां.

काम म्हणजे माझं नाही, एका मैत्रिणीचं. तिला थेरपिस्ट हवी होती. विम्यातली, बरं का! आयुष्यभर पगारातून हप्ता कापून घेतलाय त्या लोकांनी, कधीतरी वसूल नको? आणि विमा चांगलाच आहे, नावं कशाला ठेवा— दात बसवून देतात, गुडघा बदलून देतात, माझ्या नणंदेला तर पाठ दुखते म्हणून तीन आठवडे गरम झऱ्यावर पाठवलं, आली ती टवटवीत होऊन. पण मन जरा कुरकुरलं की सगळे म्हणतात, हो हो, हक्कच आहे तुमचा, फक्त जागा नाही. आणि फोन कधी उचलतात माहितीये? आठवड्यातून एकदा, मंगळवारी, ऐन जेवणाच्या वेळी, वीस मिनिटं! बाकी सगळा वेळ यंत्र बोलतं— आणि इतकं मायेनं बोलतं, की त्या यंत्रालाच म्हणावंसं वाटतं, बाई, तूच घे ना मला. म्हणजे तिला. मैत्रिणीला. एकजण म्हणाला, वसंतात फोन करा. वसंतात या नव्हे हां, वसंतात फोन करा, मग सांगतो कधी यायचं ते! एकीनं गोड आवाजात विचारलं, खाजगी विमा आहे का? नाही, पगारातून कापतात तो साधाच, म्हटल्यावर सगळा गोडवा गेला. एकाकडे जागा होती, पण तो फक्त लहान मुलांचा. मी म्हटलं, चालेल की, ती वागते तशीच— नाही हसला. पुढे सायकलवाला, दिसला ना? लांबून जायचं, दीड मीटर, त्याला पण घरी आई असेल.

तर एका मंगळवारी लागला फोन. क्विंटबाई नावाची. माणूस बोलतंय हेच मला आधी खरं वाटेना, मी यंत्र समजून गप्प बसलेली! तिनं विचारलं, कोणासाठी हवंय? मी म्हटलं, मैत्रिणीसाठी. म्हणाली, मग मैत्रिणीला स्वतः फोन करू दे. ज्याला यायचंय त्यानंच फोन करायचा, सगळीकडे तेच आहे म्हणे. आणि ठेवला. आता आली का पंचाईत! तिच्या वीस मिनिटांतली थोडीच उरलेली, पुढचा मंगळवार कुणी बघितलाय— मग काय, पेट्रोलपंपावर गाडी घ्यायला लावली, शेजारी आपल्या क्लासातली ती नर्सिंगवाली मुलगी, तिचा तास चालू होता, तिला म्हटलं खिडकीबाहेर बघ, घसा खाकरला, आवाज काढला जाडसर, आणि केला परत फोन. म्हटलं, नमस्कार, माझ्या मैत्रिणीनं आत्ता केला होता बघा. ती मुलगी खिडकीला डोकं टेकून खुदूखुदू हसतेय. मग क्विंटबाई म्हणाली, बरं केलंत तुम्ही फोन केलात. गुरुवारची एक जागा मोकळी झालीये, मैत्रिणीला घेऊनच या, खुर्ची मात्र एकच आहे.

काय बघताय माझ्याकडे? समोर बघा! हो, मीच ती. मीच मैत्रीण. झालं समाधान? आता उजवी लेन, आरसा बघा, खांद्यावरून बघा— गेली बस? मग चला.

सांगून टाकते, पण क्लासात बोलायचं नाही. मला गाडी चालवायची भीती वाटते. हसा, हसा, मी पण हसते! छपरावर एवढी मोठी पाटी, 'रोझविथा ड्रायव्हिंग स्कूल', अर्ध्या कोब्लेंझला मी लायसन्स मिळवून दिलंय, आणि स्टिअरिंग हातात घेऊन पुलावर चढायचं म्हटलं की माझे तळहात ओले होतात, छाती धाडधाड, वाटतं आत्ता मरणार. झालं काय? काही नाही झालं हो! तेच तर! अपघात नाही, भांडण नाही. गेल्या वर्षी आईला पलीकडच्या वृद्धाश्रमात सोडून परत येत होते, ती खुशीत होती, तिला बागेकडची खोली मिळाली, ऊन पडलेलं, रेडिओ चालू— आणि पुलाच्या मधोमध एकदम. कशी उतरले पुलावरून, आठवत नाही. तेव्हापासून स्टिअरिंगला हात नाही. इथे, या बाजूला बसलं की ठीक. माझ्या पायाखाली माझा ब्रेक असतो ना.

मग पलीकडची सगळी कामं विद्यार्थ्यांवर. बाजारासमोर पार्किंग शिकवायचं, तोवर मी बटाटे घेऊन येते. दातांच्या डॉक्टरच्या गल्लीत रिव्हर्स. आणि आईच्या इथे चढावर गाडी उचलायचा सराव, मधे पंधरा मिनिटं सुट्टी. प्रत्येकाला आलुबुखाऱ्याचा केक खायला घालते म्हातारी, आणि मला विचारते, रोझी, तुझ्या ओळखीचे लोक दर वेळी वेगळे कसे गं? आणि सगळे इतके घाबरलेले का? पण या रविवारी तिचा वाढदिवस आहे. म्हणाली, मला द्राक्षमळ्यांच्या रस्त्यानं फिरायला ने. फक्त तू नि मी, परकं माणूस नको. आणि रविवारी शिकवणी नसते, लूडर्सबाई. कुणीच नसतं.

नाही हो, एका बैठकीत कुणी बरं होत नाही, एवढं मला कळतं. तुम्हाला पहिल्या तासाला पुलावर आणलं होतं का मी? पण सुरुवात— गेल्या गुरुवारी आले होते मी. त्या नर्सिंगवालीला घेऊन. दारापर्यंत गेले, आणि परत गाडीत येऊन बसले, तिला म्हटलं बाई घरी नाही. आठ महिने जागा शोधली आणि दारातून पळाले, काय म्हणाल मला! क्विंटबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, आणखी एक गुरुवार ठेवते, मग पुढच्या माणसाला द्यावी लागेल, रांग लागलीये. बरोबरच आहे त्यांचं. तोच हा आजचा गुरुवार, चार वाजता.

आला पूल. दुसरा गिअर. तिसरा— अं अं— बंद पडली. असू दे. पडते. ब्रेक. नाही, स्टिअरिंग सोडायचं नाही, हात ठेवा. लूडर्सबाई. इकडे ऐका. मागचे हॉर्न वाजवतायत, वाजवू दे, त्यांना घरी जेवायला गरम काही नसेल म्हणून चिडलेत. छाती धडधडतेय ना? मला माहितीये. अगदी माहितीये. मरत नाही माणूस त्यानं, खरंच नाही, बघा, मी जिवंत आहे. श्वास सोडा. आणखी. आता क्लच पूर्ण आत, किल्ली, पहिला— हळू सोडा— हळू— चालली! चालली बघा! वा, लूडर्सबाई, वा! नदी खाली आहे तिथेच राहिली, आपण वरच्या वर. अहो रडताय काय, सिग्नल हिरवा आहे!

डावीकडे. त्या पिवळ्या घरासमोर, मोकळी जागा आहे. छान. हँडब्रेक. किल्ली काढा. उत्तम लावलीत, परीक्षेत अशीच लावलीत तर ऱ्हाइनच्या त्या बाजूला पण केक मिळेल.

कोपऱ्यावर बेकरी आहे, तिथे कॉफी घ्या, मी तासाभरात येते. जाणार हो, जाणार आत, नाही पळत. पण आधी— तुम्ही उतरा, मला मिनिटभर तुमच्या जागी बसायचंय. नुसतं बसायचंय. गाडी बंदच आहे. हात ठेवून बघते, पुलाशिवाय कसं वाटतं. किल्ली तुम्ही घेऊन जा. घ्या म्हणते ना, माझ्याजवळ नको. आणि थांबू नका इथे खिडकीशी, तुमच्यासमोर नाही जमायचं मला.

दार लावा, लूडर्सबाई.