बर्फातलं कार्ड

वेल्समधल्या स्वॉन्झीत बसच्या रांगेत उभा होतो. डिसेंबरचा वारा अंगात घुसत होता. माझ्यापुढे दोन पेन्शनर मैत्रिणी, ग्लेनिस आणि मेविस.

"मेविस, माझं क्रेडिट कार्ड दे गं परत. फक्त आजच्या दिवसापुरतं."

"मुळीच नाही. ते माझ्या फ्रीजरमध्ये डबाभर बर्फात आहे. कर्ज फिटेपर्यंत काढायचं नाही, हे तूच बजावलंयस, ग्लेनिस."

"नातवाला हवी ती सायकल सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतेय गं."

"पुढच्या वर्षीही मिळेल. नाताळच्या आधी फेडायचं ठरलंय. एकच हप्ता उरलाय आणि आता घसरतेस?"

"तुला बोलायला काय जातंय?"

"वा! माझंही कार्ड तुझ्या फ्रीजरमध्ये वर्षभर गारठतंय की!"

"त्याचंच बोलायचं होतं. रविवारी मटार काढताना तुझा डबा पडला. बर्फ फुटला."

"अगं बाई!"

"आत लायब्ररीचं कार्ड होतं, मेविस. तुझ्यावर कर्ज नव्हतंच ना? आणि दर शुक्रवारी फोन करायचीस, 'माझा हप्ता भरला बाई, तुझा भरलास का?'"

"एकटीनं जमायचं नाही म्हणून रडत होतीस. मग काय करायचं मी?"

"लबाड कुठली!"

"बस आली बघ. हवंय का तुझं कार्ड?"

"राहू दे. नातवाला स्वेटर विणते."

"आणि माझं काय केलंस?"

"काय करणार? पाणी ओतलं आणि परत ठेवलं फ्रीजरमध्ये. नाताळ अजून व्हायचाय."