अठराचं पाणी

बसा ना जी इंदुताई, कॅन वापस आनली म्हनजे काय दारातूनच जाता? — गोपिका, चहा आन वं! — हुडकेश्वरात पान्याचा पह्यला प्लांट कोनाचा? माझा. बोअरचं पानी इतकं खारं का दाळ शिजत नव्हती, तुमीच सांगत होत्या. त्यातलं मीठ मी काढलं. हे पाहा, क्षार मोजाचं मीटर बुडवतो — अठरा! बोअरले चौदाशे, माझ्या पान्याले अठरा. पुऱ्या नागपुरात दाखवा मले अठरा!

अन् तुमी चालल्या चारुशीलाकडे. नाही म्हनू नका, तिची निळी कॅन तुमच्या गाडीवर बांधून हाय, दिसून राहिली मले. तिचं पानी किती हाय, माहीत हाय? एकशेवीस! मले कसं माहीत? — आता... सकाळी फिराले जातो, मीटर खिशातच राहते, तिच्या नळाचे चार थेंब... रोज नाही जी, ऐतवारी तिचं बंद राहते. अन् शिकवलं कोनं तिले? मीच! दोन वर्षं ह्याच स्टुलावर बसत होती. एक दिवस म्हने, भाऊ, मीठ पुरंच निघालं तं पानी फिकं लागते, गाळलेलं बोअरचं थोडं परत मिसळून पाहू. मी हासलो ना बाप्पा — जे काढाले एवढी मशीन बसवली, तेच परत टाकू? गिऱ्हाइकांसमोर हासलो. गेली ते गेली. आता तिच्या दारात लाईन, अन् लोक म्हन्तात, चारुशीलाबाईच्या पान्याले चव हाय. जळतो मी. हाव, जळतो, त्यात काय लपवाचं!

घ्या, चहा घ्या. हा चहा... थांबा, आत जाऊ द्या तिले. गेली? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायकोच्या चहाले मी कधी चांगला म्हटलं नाही. दिवाळीले तोंडातून निघून गेलं — वा! खुश व्हाची सोडून तिचं तोंडच उतरलं. मंग ओट्याखाली वाकून पाहिलं — निळी कॅन. माझ्या घरात! बोललो काहीच नाही. काहून बोलू? बोललो तं बंद होईन ना. पह्यले एक कप घेत होतो, आता दोन — तीन घेतो.

कसा झाला? नाही, खरं सांगा.

...

रिकामा झाला ना? ठेवा कप तिकडं. अन् उठा आता, चारुशीलाचं दुकान बाराले बंद होते.