बिनफेसाचा साबण आणि आदोबेआची बोटे

जबाब, तारीख २५ मार्च, दुपारी तीन वाजता, अबेनासे पोलीस चौकी.

नाव थिओफिलस ओफेई, वय ७३, धंदा पूर्वी प्राथमिक शिक्षक, हल्ली घरी भांड्यांचा साबण करणे, राहणार अबेनासे, न्सावामजवळ, घाना.

मला कोणी बोलावलेले नसून मी आपल्या पायाने चौकीत येऊन सांगतो की,

मी सात वर्षांचा असताना आमच्या ओढ्यावर बाया वाळूने आणि राखेने भांडी घाशीत. तो खर्र खर्र आवाज वर्गापर्यंत येई, आणि त्याच्या ठेक्यावर आम्ही नदीची कविता म्हणत असू. तिचे दुसरे कडवे मला अजून पाठ आहे. जबाब लिहून घेणारे सार्जंट दोरकेनू म्हणाले, "गुरुजी, कडवं राहू द्या. तारीख सांगा." म्हणून तारखेने सांगतो.

सदर ओढ्यावर पंधरा वर्षांपासून पांढरा फेस तरंगतो. तो बाजारच्या साबणाचा आहे. ओढ्यात आता मासा नाही, खेकडा नाही. त्यासाठी मी अननसाच्या साली आणि देठ कुटून, फडक्यातून गाळून, त्यात नारळतेलाचा सौम्य साबण मिसळून भांड्यांचा साबण तयार केला. अननसात एन्झाइम असते. पोटात ज्याने जेवण पचते त्याच जातीचे ते असते. भांड्याला चिकटून वाळलेले अंडे, मासा, शेंगदाण्याचे कालवण ते सुटे करते. साबण ऊन पाण्यात कालवला तर ते मरते, म्हणून मी तो थंडच कालवतो. तो ओढ्यात गेला तरी जाच नाही. त्याला फेस मात्र येत नाही.

३ मार्च रोजी सकाळी आठच्या सुमारास मी एक बादली साबण शाळेच्या स्वयंपाकीण आदोबेआबाई यांना दिला. त्या वयाने ५४ असून माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत. रोज तीनशे मुलांची भांडी त्या दोन बायांना हाताशी घेऊन धुतात.

१० मार्च रोजी आदोबेआ माझ्या घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, हा साबण आहे का विहिरीचं पाणी? फेस कुठाय?"

मी म्हणालो, "फेस दिसला नाही तरी तो काम करतो गं."

ती म्हणाली, "माझा नवरापण असंच म्हणायचा." बरोबरच्या दोघी हसल्या. मीही हसलो.

मला वाईट वाटले. फेस नाही म्हणजे साबणात दम नाही, असे आमच्याकडे सर्वांनाच वाटते. म्हणून दुसऱ्या बादलीत मी अननसाचा अर्क तिप्पट घातला. भांडी लखलखली. तरीही फेस येईना, म्हणून बाया तो पाणी न घालता, नुसत्या हाताने वापरू लागल्या. हे मी ओढ्याकडे जाता-येता दोनदा पाहिले. बादली देताना मी कोणती सूचना दिली, ते आता नीट आठवत नाही.

काल, २४ मार्च रोजी, सकाळी दहा वाजता समाजमंदिरात आरोग्य कार्डाची नोंदणी होती. आदोबेआच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे, त्यासाठी तिला कार्ड लागते. ठसे घेणाऱ्या यंत्राने तिची बोटे घेतली नाहीत. दहाही बोटे लावून पाहिली, दर वेळी लाल दिवा लागला. बोटांवर रेषा नव्हत्या, ती गुळगुळीत झाली होती. बरोबरच्या दोघींचेही तसेच निघाले. रांगेत कोणी तरी म्हणाले, "यंत्राला माणूस दिसत नाही, म्हणजे ती मेलेली आहे." मग पुष्कळ जण तेच म्हणू लागले.

तिचा भाऊ बेदियाको माझ्या दारी आला. पाठीमागे वीस-पंचवीस लोक होते. तो म्हणाला, "ए म्हाताऱ्या, माझ्या बहिणीचं नाव तू चेटूक करून बाटलीत घातलंस. उद्या सूर्य मावळायच्या आत तिच्या रेषा परत आण, नाहीतर तुझ्या साबणाच्या कोठीसकट तुला पेटवतो." मी त्याला सांगितले की अर्काने बोटांची वरची कातडी झिजते, साबण वापरणे थांबवले की महिन्याभरात रेषा उमटतात. अननस सोलणाऱ्या बायांचेही असेच होते. हे मला साबण देऊन झाल्यावर, नंतर समजले. बेदियाको म्हणाला, "महिना कुणाला पाहिजे?" आदोबेआला त्याने प्रार्थनामंदिरात नेऊन ठेवले आहे. तिला कोणाला भेटू देत नाहीत.

आज सकाळी माझ्या कोठीच्या दाराशी वाळका पाला रचलेला आढळला. मी तो उचलला नाही. मागच्या वाटेने इथे आलो. तेव्हापासून चौकीच्या व्हरांड्यात लोक जमले आहेत. ते ओरडत नाहीत. सूर्य मावळायला तीन तास आहेत. मला चौकीतच बसू द्यावे, अशी विनंती आहे.

सदरचा मजकूर सार्जंट दोरकेनू यांनी मला आमच्या त्वी भाषेत वाचून दाखवला. हळू वाचा, असे मी म्हणालो. मोठ्याने वाचावाच लागतो आणि खिडकीला तावदान नाही, असे सांगण्यात आले. व्हरांड्यातल्या लोकांना सगळे ऐकू गेले. लिहिलेले माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, असे म्हणून मी पेन हाती घेतले, तोच दार ढकलले गेले. बेदियाको आला असे समजून मी टेबलामागे झालो.

दारात आदोबेआ एकटी उभी होती. पायात चपला नव्हत्या, प्रार्थनामंदिरातून तशीच निसटून आली होती. तिने खिडकीबाहेरून सगळे ऐकले होते.

ती म्हणाली, "गुरुजी, ते नंतर समजलं म्हणालात ना, तेवढं एकदा माझ्याकडे बघून सांगा."